वर चढलं की जंगल लागतं

माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात एक प्लास्टिकचा कंगवा कायम असतो. केसांसाठी नाही. अमेरिकेतल्या टूसॉन शहराच्या आसपासच्या डोंगरांत चोया नावाचं निवडुंग आहे. त्याचे सुटे गोळे वाटेवर पडलेले असतात आणि पाय नुसता घासला तरी बुटाला, पोटरीला चिकटून बसतात. हाताने काढायला गेलं की पायातला गोळा हातात येतो. कंगवा गोळ्याखाली सरकवायचा आणि एक झटका द्यायचा. पण त्याआधी तो उडेल त्या बाजूला आपलं माणूस उभं नाही ना, ते बघून घ्यायचं. हे शेवटचं कलम माझ्या लॅबमधल्या एका मित्राच्या मांडीमुळे मला कळलं.

शिकायला ॲरिझोनात आले तेव्हा मला फार काही शिकायचं बाकी आहे असं वाटत नव्हतं, निदान डोंगराच्या बाबतीत तरी. दहा वर्षं सह्याद्रीत काढलेली. हरिश्चंद्रगड, रतनगड, पावसातले घाट, उन्हाळ्यातल्या रात्रीच्या चाली. टूसॉनच्या उत्तरेला सांता कॅटालिना रांग भिंतीसारखी उभी आहे. विद्यापीठातून रोज दिसायची. तपकिरी, उघडी, भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखी सुरकुतलेली. त्या रांगेच्या माथ्यावर माउंट लेमन, उंची सुमारे २७९० मीटर. आपली कळसूबाई १६४६. आणि लोक सांगायचे, की त्या वांग्याच्या सालीवर, वरच्या टोकाला पाइनचं दाट जंगल आहे.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "वाळवंटात कसलं गं जंगल?"

"वर आहे म्हणे. डोंगरावर."

"डोंगरावर वारा असतो. जंगल खाली असतं."

तिचं चुकलं नव्हतं. आपल्याकडे पायथ्याच्या गावातून निघालं की आधी झाडी लागते. कारवी, हिरडा, जांभूळ, करवंदीच्या जाळ्या. मग कातळ, आणि माथ्यावर गवत नि भणाण वारा. सावली सुरुवातीला, ऊन शेवटी. माझे पाय, माझं पाणी, माझी निघायची वेळ, सगळं या क्रमावर बेतलेलं होतं. इथे तो क्रम उलटा आहे एवढं मला कानांनी कळलं होतं. पायांना कळायचं होतं.

एप्रिलच्या शेवटी एका शनिवारी मी एकटीच फिंगर रॉकच्या वाटेला लागले. ही वाट शहराच्या कडेच्या वस्तीतूनच सुरू होते आणि साधारण आठ किलोमीटरमध्ये माउंट किंबलच्या माथ्यावर, २२०० मीटरवर जाते. चढ बाराशे मीटरहून थोडा जास्त. आकडे बघून मी म्हटलं, दमवेल, पण होईल. निघाले नऊ वाजता. जवळ दोन लिटर पाणी, चार चपात्या, सफरचंद. दोनच लिटर, कारण नकाशात पहिल्या दीड किलोमीटरवर झरा लिहिला होता. शिवाय मनात कुठेतरी टाकं होतं. गडावर टाकं असतंच. किती वर्षांची सवय ही! वर पोचलं की गार पाणी मिळणार, हे आपण कधी ठरवतही नाही, धरूनच चालतो.

पहिला तास मी फार खुशीत होते. दरीभर सग्वारो उभे होते (स्थानिक लोक त्यातला 'ग' जवळजवळ गिळतात, 'सवारो' म्हणतात). माणसाच्या सहा-सात पट उंच, काहींना हात फुटलेले. हा पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. म्हणजे दोन-चार हात पसरून उभा असलेला सग्वारो दिसला की तो आपल्या पणजोबांच्या वयाचा धरायचा. मेस्कीटची झाडं ओळखीची वाटली. वाटणारच, आपल्याकडच्या वेड्या बाभळीची ती चुलत बहीण. तोच काटा, तशीच शेंग.

झरा आला. म्हणजे खडकावर हाताएवढा ओला डाग आला, आणि त्यावर मधमाश्या बसल्या होत्या.

त्यानंतर वाट दरी सोडून अंगावर चढायला लागली. सावली म्हणजे सग्वारोची, आणि ती खांबाच्या सावलीइतकीच रुंद असते. अकराच्या सुमाराला वरून एक म्हातारे गृहस्थ उतरत आले. ते माथा करून परत निघाले होते, म्हणजे अंधारातच सुरुवात केली असणार. मला बघून थांबले.

"पाणी किती उरलंय तुमच्याकडे?"

मी बाटली दाखवली. अर्धा लिटर असेल.

"वर पाणी मिळतं ना?" मी विचारलं.

"वर झाडं आहेत," ते म्हणाले. "पाणी नाही."

मग त्यांनी न विचारता नियम सांगितला. पाणी अर्धं संपलं की जिथे असाल तिथून मागे फिरायचं. इथे उतरणं हा दिवसाचा जास्त तापलेला भाग असतो, सह्याद्रीतल्यासारखं सावलीत शिरणं नाही. (सह्याद्री अर्थात माझा, त्यांच्या बोलण्यात नव्हता.) स्वतःकडची एक बाटली त्यांनी माझ्या हातात दिली. मी नको म्हटलं, तर ते ती खडकावर ठेवून चालू लागले.

उतरताना डोकं ठणकायला लागलं, मांडीत गोळे आले. सगळं पाणी पिऊनही बरं वाटेना. पुढे कळलं, की नुसतं पाणी पीत राहणं हीसुद्धा चूकच. इथली हवा इतकी कोरडी, की घाम अंगावर दिसतच नाही. शर्ट कोरडा राहतो, त्यावर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात. गेलेलं मीठ भरून काढलं नाही तर पोटातलं पाणी उपयोगाचं राहत नाही. आपल्याकडे कोकम सरबतात मीठ का घालतात, हे मला ॲरिझोनात समजलं. आता मी खारे दाणे आणि मीठ-साखरेची पुडी घेतल्याशिवाय निघत नाही.

शेवटच्या किलोमीटरला झुडपातून खुळखुळ्यासारखा आवाज आला. फुरशाची खरखर माहीत होती, हा आवाज वेगळा होता, पण अर्थ तोच. थबकले, दोन पावलं मागे सरले, लांबून वळसा घातला. त्या दिवशी नीट पार पडलेली गोष्ट ही एवढीच.

जूनमध्ये लॅबमधल्या दोघांबरोबर गाडीने माउंट लेमनला गेले. खाली शहरात चाळीसच्या वर पारा. पायथ्यापासून वरच्या समरहेवन गावापर्यंत सुमारे ४३ किलोमीटरचा रस्ता आहे आणि वर पेट्रोल पंप नाही, म्हणून टाकी खालीच भरून घ्यायची. हा रस्ता १९३३ ते १९५० या काळात तुरुंगातल्या कैद्यांनी खोदला. वाटेत त्या कैद्यांच्या जुन्या कॅम्पची जागा लागते. आता तिला गॉर्डन हिराबायाशी यांचं नाव आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या नागरिकांवर लादलेली संचारबंदी मोडली म्हणून या विद्यार्थ्याला शिक्षा झाली होती. सरकार प्रवासखर्च देईना, तेव्हा हा गडी लोकांच्या गाड्यांना हात दाखवत दाखवत स्वतःच टूसॉनच्या तुरुंगात हजर झाला. १९८७ मध्ये न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द ठरवली. तिथे आता तंबू ठोकायची जागा आहे, आणि पोरं बॅडमिंटन खेळत होती.

गाडीच्या खिडकीतून मला एप्रिलमध्ये न दिसलेला सगळा डोंगर दिसला. आधी सग्वारो. मग एका वळणानंतर सग्वारो संपले. हळूहळू विरळ झाले असं नाही, संपले. थंडीत गोठणाऱ्या रात्री ज्या उंचीवर लांबतात, तिथे त्यांची हद्द. मग गवत आणि बुटके ओक. मग मांझानिटाची लालचुटूक, गुळगुळीत खोडं, आणि मगरीच्या पाठीसारख्या सालीचा जुनिपर. विंडी पॉइंट नावाच्या कड्यावर थांबलो तर खाली शहर भट्टीसारखं धुरकट, आणि आमच्या मागे पहिले पाइन. आणखी अर्ध्या तासाने फर. गाडीतला मित्र म्हणाला, की इथे म्हण आहे, हा रस्ता म्हणजे मेक्सिकोहून कॅनडाला जाणं. नकाशावर हजारो किलोमीटर उत्तरेला जायचं ते इथे दोन हजार मीटर उभं जायचं. वर उतरलो तेव्हा थंडी वाजत होती. खालच्यापेक्षा पंधराएक अंशांनी कमी.

कारण साधंच आहे. हवा डोंगरावर चढते, पसरते, गार होते आणि जवळचं बाष्प सोडते. खाली शहरात वर्षाला तीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, माथ्यावर त्याच्या दुपटीहून जास्त, शिवाय बर्फ. मला जास्त लागून राहिलं ते जंगलाचं वय. हिमयुगात ही झाडं खालच्या मैदानांतही होती. हवा तापत गेली तसं जंगल डोंगर चढत गेलं आणि आता माथ्यावर येऊन थांबलंय. आसपासच्या प्रत्येक उंच डोंगरावर असाच एकेक तुकडा, मध्ये वाळवंटाचा समुद्र. म्हणून या डोंगरांना 'आकाशबेटं' म्हणतात. एका बेटावरची खार दुसऱ्या बेटावर जाऊ शकत नाही. इथून ईशान्येला माउंट ग्रॅहमवर लाल खारीची एक उपजात आहे, ती जगात त्या एकाच डोंगरावर सापडते.

आम्ही मार्शल गल्चची वाट धरली. ओढ्याकाठाने खिंडीपर्यंत चढायचं आणि ॲस्पेनच्या वाटेने फिरून खाली यायचं, मिळून सहा किलोमीटर. मला वाटलं, ही तर सकाळची फेरी. दोनशे मीटर गेले आणि धाप लागली. सकाळी सातशे मीटरवर चहा प्यायलेली बाई साडेनऊला तेवीसशे मीटरवर चढत होती, दुसरं काय होणार. हळू चालणं हा तिथे नाइलाज असतो, आणि त्यामुळेच मी वास घेतला. मित्र म्हणाला, पाइनच्या सालीतल्या भेगेत नाक घाल. उन्हात तापलेल्या पाँडेरोसाच्या सालीला व्हॅनिलाचा वास येतो. खरंच येतो. मी दहा मिनिटं झाडाला मिठी मारून उभी होते आणि मागून येणारे लोक आदराने वळसा घालून जात होते. पुढे एका खडकावर लेडीबग किड्यांचे थर. हजारोंनी, लाल-नारिंगी, एकमेकांवर. खालचा उन्हाळा चुकवायला तेही वर येतात.

खिंडीपलीकडे मात्र जंगलाचा नूर बदलला. २००३ च्या जूनमध्ये इथल्या आगीत सुमारे ३४ हजार हेक्टर जळालं, समरहेवनमधली तीनशेहून जास्त घरं-दुकानं गेली. नंतर २०२० मध्ये वीज पडून लागलेल्या आगीने ४८ हजारांहून जास्त हेक्टर रान पोळलं. पाइनच्या जागी लोकस्ट नावाच्या काटेरी झाडांची गर्दी, त्यातून करड्या रंगाची मेलेली खोडं उभी. ॲस्पेन जळाला तरी मुळांतून पुन्हा फुटतो, त्यामुळे त्यांची पोरं सगळीकडे, सारख्या उंचीची, एका वर्गातल्यासारखी. पाइनला बी लागतं, ओल लागते आणि वर थोडी जागा लागते. या जंगलाला वर सरकायला डोंगरच उरलेला नाही. घरी येऊन त्या रात्री मी बराच वेळ नकाशा बघत बसले होते.

जुलैत पुन्हा गेलो आणि तिथे मी दुसरी मोठी चूक केली. इथेही पावसाळ्याला 'मान्सून'च म्हणतात. हवामान खात्याच्या हिशेबात १५ जून ते ३० सप्टेंबर. शब्द माहेरचा, त्यामुळे मी निर्धास्त. आमचा मान्सून म्हणजे चार महिने धुकं, रिपरिप, भिजत चालणं, मक्याचं कणीस. सकाळी आकाश निळंशार होतं. अकराला एका शिखरामागून कापसाचं बोंड वर आलं. साडेबाराला ते बोंड काळं पडून डोक्यावर. मित्र घाई करत होता आणि मी म्हणत होते, "अरे, पावसाला काय घाबरायचं?"

तो पावसाला घाबरत नव्हता. चमक आणि गडगडाट यांतले सेकंद मोजत होता. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की वीज दहा किलोमीटरच्या टापूत आहे आणि उघड्या धारेवर थांबायचं नाही. आमचा आकडा बारा होता, मग सात. आम्ही धार सोडून खाली बुटक्या झाडांत शिरलो आणि एकमेकांपासून लांब लांब उकिडवे बसलो, म्हणजे वीज पडलीच तर तिघांवर एकदम पडू नये. मग गारा. कॉटनचा टी-शर्ट, वर पातळ पांचो. वाळवंटात, जुलै महिन्यात, माझे दात वाजत होते. पण सगळ्यात भीती वाटली ती उभ्या मेलेल्या झाडांची. वाऱ्याचा झोत आला की वर कुठेतरी कडाड् आवाज, आणि मग जमीन हलल्यासारखा धप्प. दोन वेळा ऐकला.

पाऊण तासात सगळं संपलं. ओढा मात्र सकाळी उडी मारून ओलांडलेला, आता गढूळ आणि गुडघ्याएवढा. थांबलो. तासाभरात उतरला, तेव्हा पार केला. संध्याकाळी खाली शहराच्या वेशीवर काच उघडली तर आत एक अनोळखी वास आला. आपल्या पहिल्या पावसाचा मातीचा वास नव्हे, थोडा डांबरासारखा, थोडा औषधी. क्रिओसोट नावाच्या झुडपाचा. टूसॉनच्या माणसाला पाऊस म्हटलं की हाच वास आठवतो. मला त्या वेळी फक्त कोरडे कपडे आणि चहा आठवत होता.

तेव्हापासून पावसाळ्यात माझा नियम असा: पहाटे निघायचं, बाराच्या आत धारेवरून खाली. लोकरीचा एक थर आणि खरा रेनकोट सॅकमध्ये, खाली पारा चाळीस असला तरी. लोक हसतात. हसू देत.

किंबल राहून गेला होता. मधल्या काळात कुठेतरी वाचलं, की माउंट लेमन जिच्या नावाने ओळखला जातो ती वनस्पतिशास्त्रज्ञ सारा लेमन १८८१ मध्ये मधुचंद्राला नवऱ्याबरोबर इथे आली, तेव्हा दक्षिणेकडून चढायचे त्यांचे प्रयत्नही फसलेच होते. काटे आणि कडे. शेवटी उत्तरेकडून, एका स्थानिक पशुपालकाच्या मदतीने ती दोघं वर पोचली. माझा एप्रिल मला एकदम सुसह्य वाटला.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, पहाटे पावणेसहाला, हेडटॉर्च लावून निघाले. या वेळी साडेचार लिटर पाणी. साडेचार किलो वजन, आणि ते चढताना मी स्वतःला बरंच काही बोलले. पण उजाडलं तेव्हा मी झऱ्याच्या पुढे होते. या दरीत कुत्री आणायला बंदी आहे, कारण २०१३ पासून इथे मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्या पुन्हा आणून सोडल्यात. मला मेंढी दिसली नाही. वर कुठेतरी दगड घरंगळला, तो मी तिच्या नावावर मांडला.

जिथून मागे फिरले होते ती जागा ओळखू आली. तिथून पुढचे दोन तास सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात काटेरी. ना सग्वारो, ना पाइन. वाटेच्या दोन्ही बाजूंनी घायपाताची एक बुटकी जात दाटलेली, पानं पेन्सिलीएवढी अरुंद आणि टोकाला सुई. इंग्रजीत तिला 'नडगीतला खंजीर' अशा अर्थाचं नाव आहे. ते ज्याने ठेवलं तो हाफ पॅंटमध्ये असणार. मीही होते.

मग एका वळणावर पायाखालचा आवाज बदलला. खडीची करकर थांबली. खाली बघितलं तर तपकिरी सुया, दोन बोटं जाड गादी. वर बघितलं तर पाइन. मी बसले नाही, चालत राहिले, कारण तो आवाज-न-होणं मला हवं होतं. सावलीत दंव अजून पांढरं होतं. पुढे जळालेली खोडं आली, हात लावला तर बोटं काळी. त्यांच्या मध्ये ओकचे धुमारे खूप, पाइनची रोपं अगदी थोडी. गुडघ्याएवढी चार मोजली, मग पाचवं शोधत वाट सोडून जायला लागले आणि स्वतःला आवरलं.

माथ्यावर पावणेअकरा. दोन लिटर पाणी शिल्लक, म्हणजे नियमात बसत नव्हतं, पण उतार होता आणि हवा गार. खारे दाणे, चपाती-गूळ. उत्तरेला दरी, पलीकडे लेमनची रांग गडद हिरवी. दक्षिणेला मी राहते ते शहर, चौकोनी वह्या पसरल्यासारखं. आईला फोटो पाठवला. उतरून गाडीशी पोचले तेव्हा चार वाजत आले होते. मोज्यातून पाइनची सुई निघाली, बुटातून चोयाचा गोळा. कंगवा काढला.

तेवढ्यात फोन वाजला. तिच्याकडे पहाटेचे साडेचार. झोप लागत नव्हती म्हणाली, फोटो बघत पडले होते.

"खाली निवडुंग, वर ही झाडं. मग मध्ये काय असतं गं?"

"घायपात."

"म्हणजे? आपल्या बांधावरचं?"

"तेच. पण बुटकं."

"मग तू फुल पॅंट घातली होतीस ना?"